डबीवरचं नाव

पाय पडला तेव्हा आधी ऊब कळली, मग ते काय आहे ते कळलं. सकाळची वेळ होती, डोळे पुरते उघडले नव्हते, चहाचं आधण ठेवायला म्हणून मी स्वयंपाकघराकडे निघाले होते आणि बाहेरच्या खोलीतल्या पायपुसण्यावर उजवा पाय टेकला. बोटांच्या बेचक्यांतून काहीतरी मऊ, कोमट असं वर आलं. मी ओरडले नाही, कारण ओरडून सांगायला घरात कुणी नाही. तसाच पाय उचलून, भिंतीला धरत, लंगडत लंगडत न्हाणीघर गाठलं, पाय नळाखाली धरला, साबण लावला, परत लावला, मग नवऱ्याच्या वेळचा जुना ब्रश काढून नखं घासली. तरी तो पाय दिवसभर माझा वाटला नाही. बसमध्ये मी तो बुटासकट बाकाखाली लांब सारून बसले होते, कुणा दुसऱ्याचा पाय चुकून माझ्याकडे राहिला असावा तसा.

सव्वीस वर्षं मी लोकांची विष्ठा तपासते आहे. हे वाक्य मी सहसा कुणाला ऐकवत नाही. कुणी विचारलंच तर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे म्हणते, आणि समोरच्याला रक्त, काचेच्या नळ्या, पांढरा डगला वगैरे दिसू देते. रक्त माझ्या समोरच्या टेबलावरचे गृहस्थ तपासतात. माझ्या टेबलावर दुसऱ्या डब्या येतात. पण खरं सांगते, तिथे मला किळस कधीच आली नाही. डबीला झाकण असतं, डबीवर नाव, वय, तारीख असते, मी काडीच्या टोकावर कणभर घेते, काचपट्टीवर थेंबात कालवते आणि भिंगाखाली बघते. मग ती घाण राहत नाही, प्रश्न होतो, आणि त्याला उत्तर असतं. नाव नसलेली डबी मी घेत नाही. माणसं कळवळून सांगतात, अहो बाई, आमचीच आहे, आम्ही आत्ता आणली, आणि मी ती जशीच्या तशी परत करते. दुसऱ्याचा आजार कुणाच्या तरी गळ्यात मारण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिलेल्या परवडतात. हा माझा धर्म आहे असंच मी मानत आले. घरातल्या पायपुसण्यावर मात्र नाव लिहिलेलं नव्हतं, आणि घरात मांजरं दोन होती.

ती माझ्या पदरात टाकली धाकटीनं. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान, पन्नाशीला आली तरी आमच्यात तिला धाकटीच म्हणतात. ती मांजरांच्या शेल्टरमध्ये पिंजरे धुते, औषधं घालते, आणि घरी आली की तिच्या कपड्यांना तो वास असतो. ती बसून गेलेली खुर्ची मी ती गेल्यावर पुसते. नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तिचं एकच पालुपद: "ताई, घरात काहीतरी हलतं असावं गं. तू भिंतींशी बोलायला लागशील." शेवटी कंटाळून मी गेले. तिथे एक पांढरीशुभ्र मांजरी होती, शेपूट पायांभोवती नीट लपेटून बसलेली, माझ्याकडे बघून तिनं डोळे सावकाश मिटले आणि उघडले. म्हटलं, ही चालेल. "ही एकटी नाही मिळायची," धाकटी म्हणाली. "दोघं एकाच खोक्यात सापडलेत. न्यायचे तर दोघं." आणि तिनं मागे हात घालून तो बोका काढला.

त्याला मी चिपड्या म्हणते, हे नाव ठेवायला मला एक क्षणही लागला नाही. मातकट रंग, एक कान कुरतडलेला, मानेवर टिकलीएवढी केस गेलेली जागा. दोन्ही डोळे वाहतात, आणि ते वाहून नाकाच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी पन्हळी झाल्यात. एक नाकपुडी कायमची बंद, त्यामुळे तो श्वास घेतो तो ऐकू येतो, पलीकडच्या खोलीतूनही. जुनी सर्दी आहे, अशीच राहणार, असं धाकटीनं सांगितलं, दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या कापसानं डोळे पुसायचे आणि थेंब घालायचे, बास. बास! कापूस डोळ्याला लावला की त्याला ते लिबलिबित चिकटून येतं, तार धरतं, आणि नेमक्या त्याच वेळी तो शिंकतो. पहिल्या दिवशी ते माझ्या ओठावर उडालं. मी ओठ इतका पुसला की संध्याकाळपर्यंत सुजला होता. पांढरीचं नाव बाईसाहेब पडलं. बाईसाहेब खायच्या, तोंड धुवायच्या, खिडकीत बसायच्या. चिपड्या मात्र जिथे बसे तिथे डाग ठेवी.

म्हणून त्या सकाळी पायपुसण्यावर पाय पडल्यावर ते कुणाचं असेल असा प्रश्नच मला पडला नाही. इथेच सगळं आलं. प्रश्न पडलाच नाही. मी हातमोजे घातले, पर्समध्ये एक कोरी डबी असतेच, तिच्यात कणभर घेतलं, उरलेलं पायपुसण्यासकट केराच्या पिशवीत बांधलं आणि डबीवर चिठ्ठी चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं: बोका, वय दीड. अक्षर माझं शाळेपासून चांगलं आहे. प्रयोगशाळेत समोरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "पेशंट लहान दिसतोय."

"दीड वर्षाचा."

"आणि काम काय करतो?"

"शिंकतो," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. मग मी भिंगाला डोळा लावला. फार शोधावं लागलं नाही. काचेवरच्या थेंबात ते होते, एका टोकाला निमुळते, दोन डोळ्यांचे, चेहऱ्यासारखे दिसणारे जंतू, गोते खात इकडून तिकडे जाणारे. माणसांच्या पोटातले ते मी हजारदा पाहिले आहेत. मला चक्क बरं वाटलं. सकाळपासून जे मळमळत होतं त्याला नाव मिळालं, आणि ते मी स्वतः शोधून काढलं. दुपारी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते वयस्कर आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, "औषध दोघांनाही देऊन टाकू या का? एकत्र राहतात."

"दुसरी अगदी स्वच्छ आहे, डॉक्टर."

"नमुना बोक्याचाच, याची खात्री आहे ना?"

मला राग आला. हा प्रश्न मी लोकांना विचारते, मला कुणी विचारत नाही. "सव्वीस वर्षं हेच करते मी," असं मी त्यांना तोडून सांगितलं, आणि ते बिचारे बरं म्हणाले.

घरात दोन न्हाणीघरं आहेत. मागचं नवऱ्याचं होतं, त्यात अजून त्याचा दाढीचा मग आहे. तिथे मी चिपड्याला कोंडलं. खाली जुनं फडकं, कोपऱ्यात वाळूचा वेगळा ट्रे, पाण्याची वाटी, आणि बाहेरून कडी. औषध पातळ होतं, पिवळं, आणि कडूजहर असणार, कारण पिचकारी तोंडाच्या कडेला लावून दाबली की त्याच्या तोंडाला फेस यायचा. साबणाच्या पाण्यासारखा पांढरा फेस, हनुवटीवरून छातीवर, छातीवरून माझ्या मनगटावर. एका हातानं मी त्याची मानगूट धरलेली असायची आणि दुसऱ्या हातानं जबडा. तो ओरबाडत नसे. ओरबाडलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. तो नुसता चारी पाय पोटाशी घेऊन बारीक होई आणि त्या वाहत्या डोळ्यांनी भिंतीकडे बघे. मला त्याची दया यायला हवी होती, आली नाही. मला त्याच्या मानेवरची ती टिकलीएवढी जागा अंगठ्याखाली लागायची आणि घशाशी यायचं. बाहेर आले की मी कोपरापर्यंत हात धुवायची. बाईसाहेब दाराबाहेर बसलेल्या असत, दाराच्या फटीशी नाक लावून. मी म्हणायची, या बाईसाहेब, तिथे नका बसू, घाण आहे ती.

चार दिवस बाहेर काही झालं नाही. नवं पायपुसणं स्वच्छ, फरशी स्वच्छ; बाईसाहेबांचा ट्रे मी न बघताच ओतून टाकत होते. बघा, मी मनाशी म्हणत होते, कारण काढून बाजूला ठेवलं की घर कसं निवळतं. त्याच्या ट्रेमध्ये मात्र सगळं घट्ट, जसं हवं तसं, आणि वर वाळू नीट ओढून झाकलेलं. हे मी पाहिलं. रोज उचललं. आणि म्हटलं, औषध लागू पडतंय. जे दिसतं ते आपल्याला हवं तसं वाचायचं हे भिंगाखाली मी कधी केलं नसतं. चौथ्या दिवशी मी धाकटीला फोन केला. "मला नाही जमायचं गं. पांढरी राहू दे. त्याला घेऊन जा."

ती म्हणाली, "ताई, परत आलेल्याला मागच्या खोलीत ठेवतात. त्यातून पोटाचा आजार म्हणून आलेला. त्याला परत कुणी विचारत नाही. तो तिथेच जातो मग."

"मग मी काय करू? माझ्या अंगावर शिंकतो तो."

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी येते पिंजरा घेऊन."

शनिवारी मला सुट्टी असते. चहा पिऊन मी निजायच्या खोलीत आले तर बाईसाहेब पलंगावर, माझ्या उशीच्या अलीकडे, पाठ कमानीसारखी करून बसल्या होत्या. मला वाटलं आळस देताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे सावकाश मिटले आणि उघडले, आणि चादरीवर ते झालं. तोच रंग, तेवढंच पातळ, आणि तो आंबूस, गोडसर वास, जो मी अंधारातही ओळखेन. काम आटोपून त्या दोन पावलं बाजूला झाल्या आणि पुढचा पंजा चाटू लागल्या. मी दारात उभी. मागच्या न्हाणीघरातून त्याचा श्वास ऐकू येत होता, बंद नाकपुडीतून ओढून घेतलेला. पाच दिवस त्याला बाहेरून कडी होती.

मी काय केलं ते सांगते, कारण तेच सांगायचं आहे. मी चादर गोळा केली. घडी आतल्या बाजूला करत, पटापट, एकही थेंब गादीला न लावता. नवी चादर घातली, खिडकी उघडली, बाईसाहेबांचं मागचं अंग ओल्या फडक्यानं पुसलं. हे करताना एकच विचार डोक्यात होता, की कुणी पाहिलं नाही. धाकटी तासाभरात येईल, पिंजरा उचलून जाईल, नंतर हिला गुपचूप औषध देऊन टाकू. माझे हात हे सगळं इतक्या सफाईनं करत होते की मला शंका आली. एवढी सफाई एका दिवसात येत नाही. ओल्या चादरीचा बोळा पोटाशी धरून मी उभी राहिले आणि मला ती दुसरी खोली दिसली.

मी नऊ वर्षांची, धाकटी पाच. एक पलंग, मी भिंतीकडे, ती कडेला. तिचा तेव्हा कान वाहायचा, उशीवर पिवळे डाग पडायचे, नाक सदा गळतं, गुडघ्यांवर खरूज. माझ्या वेण्या घट्ट, वर्गात पहिली. पहाटे मला जाग यायची ती मांड्यांखालच्या ओलीनं, आधी ऊब, मग गार. मी उठायची, ओला फ्रॉक काढून बोळा करून धुण्यात खाली दडपायची, कोरडा घालायची, आणि मग धाकटीच्या काखांत हात घालून तिला अलगद उचलून माझ्या जागी सरकवायची. तिची झोप गाढ होती. ती तोंड उघडं टाकून, घोरत, माझ्या ओलीत निजायची आणि मी तिच्या कोरड्या जागेवर डोळे मिटून पडायची. सकाळी आई पांघरूण ओढायची. आईनं कधी शहानिशा केली नाही. कशाला करेल? जिचा कान वाहतो, तिचंच हेही वाहणार. धाकटीचं संध्याकाळनंतरचं पाणी बंद झालं. तिला कुठलीशी कडू पूड देत, ती तोंडातून बाहेर काढायची, आई परत कोंबायची. मग तिला पलंगावरून काढून न्हाणीघराच्या दाराशी पोतं टाकून निजवायला लागले. त्यानंतर माझं थांबलं. भीतीनं असेल, कारण आता सरकवायला कुणी नव्हतं. आई शेजारणीला म्हणाली, बघा, हिला बाजूला काढली आणि पलंग कोरडा झाला. आणि सगळ्यात घाण गोष्ट म्हणजे मला धाकटीची किळस येऊ लागली. तिच्या शेजारी जेवायला बसले की मी ताट जरा इकडे ओढायची. मी स्वतः तिला ओली केली होती आणि मलाच तिचा वास यायचा.

धाकटी आली ती दारातूनच बाह्या वर सारत. "कुठाय माझा हिरो?" पिंजरा खाली ठेवून ती मागच्या न्हाणीघराकडे निघाली.

"थांब," मी म्हणाले. "त्याला नको नेऊस. त्याचं नव्हतं ते."

"म्हणजे?"

"नमुना हिचा होता. डबीवर नाव मी चुकीचं घातलं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खदखदून हसली. "तू? तू चुकलीस? ताई, थांब, मला खाली बसू दे आधी." खरंच बसली. "अगं, मग एवढं रडवेलं तोंड कशाला? दोघांना औषध दे, आठवड्यात नीट होतील. मी उगीच पिंजरा वागवत आले."

इथे थांबता आलं असतं. बोका वाचला होता, मी कबूल केलं होतं, माझ्यासारखीनं चूक कबूल करणं म्हणजे केवढी गोष्ट. तो चांगुलपणा मला तोंडात जाणवला, गोडसर, चादरीवरच्या त्या वासासारखा.

"पलंगसुद्धा तू ओला करत नव्हतीस," मी म्हणाले.

"कुठला पलंग?"

"आपला. लहानपणीचा. मी करायची. मग तुला उचलून तिथे सरकवायची."

ती अजून हसतच होती, तोंडावरचं हसू काढायचं राहून गेलं असावं. मग ते गेलं. "कधी कधी?"

"दर वेळी."

"मी एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे गं, किती जुनं ते. तिला हे माहीतच असेल असंही मला इतकी वर्षं कुठेतरी वाटत होतं. माहीत नव्हतं. तिनं आईवर विश्वास ठेवला होता. ती आपल्या हातांकडे बघत होती, पिंजरे धुऊन भेगा पडलेल्या. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "मी कुणाकडे राहत नाही, माहितेय ना तुला? कितीही उशीर झाला तरी घरी जाते. तुझा नवरा गेला तेव्हा तू म्हणालीस, आजची रात्र राहा, तरी गेले. तू किती बोललीस मला." तिनं एका भेगेवरून अंगठा फिरवला. "तो बँकेतला. दोन वर्षं मागे होता माझ्या. आवडला होता मला, ताई. त्याला मी नाही म्हटलं." मग थोड्या वेळानं, "मला वाटायचं, झोपेत होईल."

ती उठली, मागच्या न्हाणीघराची कडी काढली आणि चिपड्याला उचलून बाहेर आली. फेस वाळून त्याच्या छातीचे केस चिकटले होते. तो तिच्या खांद्यावर शिंकला. तिनं अंगठ्यानं त्याचे डोळे पुसले आणि अंगठा स्वतःच्या कुडत्याला पुसला. माझा ओठ आपोआप मुरडला. मी आवरायचा प्रयत्न केला, खरंच केला. त्याचं काही चुकलेलं नव्हतं, हे मला आता डोळ्यांनी दिसलं होतं, तरी किळस होती तशीच होती. तिनं ते पाहिलं. लहानपणापासून ती ते पाहत आली असणार.

"याला मी नेते," ती म्हणाली.

"परत त्या खोलीत?"

"माझ्या घरी."

तिनं त्याला पिंजऱ्यात ठेवलं, आत फडकं सारखं केलं, चपला घातल्या. बाईसाहेब पिंजऱ्याशी जाऊन जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या, तिनं त्यांना पायानं हळूच बाजूला केलं. निघताना धाकटी नेहमी दारातून ‘येते गं ताई’ म्हणते, घाईत असली तरी जिन्यावरून म्हणते. आज ती उंबऱ्यावर थांबली, आणि मला वाटलं आता म्हणेल.

"जाते," ती म्हणाली.

जिन्यावरून तो श्वास खाली खाली जाईपर्यंत मी ऐकत राहिले, मग दार लावून घेतलं. बाईसाहेब नव्या चादरीवर चढून बसल्या होत्या. मागचे पाय पुन्हा बरबटले होते, आणि त्यांना धुणारं आता घरात मीच होते.